लेझरची रेघ आणि पाण्याची नळी

घरातली जुनी फरशी काढून सगळ्या खोल्या एका पातळीत आणायच्या होत्या. मी हौसेने लेझर लेव्हल घेऊन ठेवली होती. तिपाईवर ठेवून बटण दाबलं की हॉलच्या चारी भिंतींवर हिरवी रेघ. मिस्त्रींनी ती कौतुकाने पाहिली आणि पिशवीतून पारदर्शक नळीचं भेंडोळं काढलं.

"रेघ झकास आहे, साहेब. पण ती आतल्या खोलीत कशी न्यायची?"

नळीचं एक टोक हॉलमधल्या खुणेला, दुसरं स्वयंपाकघरात हाताखालच्या पोराकडे. मधली नळी दारातून, पॅसेजमधून वेटोळी घेत गेलेली. पाण्याला त्याचं काहीच नव्हतं. दोन्ही टोकं उघडी असली की दोन्हीकडे हवेचा दाब सारखा; मधलं पाणी सलग असेल तर ते दोन्ही टोकांना एकाच उंचीवर येऊन थांबतं. लेझरचा किरण सरळ जातो, त्यामुळे भिंत आली की संपला.

गंमत म्हणजे लेझर लेव्हलच्या पोटातही एक लोलकच असतो. यंत्र चारेक अंश तिरकं ठेवलं तरी लोलक लोंबून सरळ होतो आणि किरण आडवा पडतो. म्हणजे हाही ओळंब्याचाच भाऊबंद.

अचूकतेत कोण पुढे? घरगुती लेझरच्या खोक्यावर बहुधा १० मीटरला ३ मिलिमीटर कमी-जास्त असं लिहिलेलं असतं. नळी नीट वाचली तर तीही त्याच्या मागे राहत नाही. पण नीट म्हणजे फारच नीट. नळीच्या उभ्या भागात १ सेंटिमीटर लांबीचा बुडबुडा अडकला, तर पातळीही तेवढीच चुकते. म्हणून मिस्त्री आधी दोन्ही टोकं शेजारी शेजारी धरून पाणी जुळतंय का बघतात, नळीला टिचक्या मारतात.

उन्हाचा मामला त्याहून छुपा. नळीची एक बाजू सावलीत ३० अंशांवर आणि दुसरी गच्चीच्या उन्हात ४० अंशांवर असेल, तर तापलेलं पाणी फुगून हलकं होतं. १ मीटर उंचीच्या स्तंभात त्याने सुमारे साडेतीन मिलिमीटरचा फरक पडतो, आणि बुडबुडा निदान दिसतो, हा फरक डोळ्यांना दिसतही नाही. गच्चीचं काम सकाळी लवकर उरकायचं ते यासाठीही.

लेझरला ऊन वेगळ्या तऱ्हेने नडतं: भर दुपारी बाहेर रेघ दिसतच नाही. हिरवी रेघ लालपेक्षा ठळक वाटते, कारण आपला डोळा ५५५ नॅनोमीटरच्या आसपासच्या प्रकाशाला सर्वांत संवेदनशील असतो. हिरव्या लेझरची तरंगलांबी ५२० च्या जवळपास, लालची ६३५. पण सूर्यापुढे दोन्हींची डाळ शिजत नाही.

भिंतीला टाइल्स लावताना मात्र मी बिनदिक्कत लेझरच्या बाजूने. नळीने दोन बिंदू मिळतात, तेही दोन माणसं लावून. मग त्यांच्यामध्ये दोरी ताणा. लेझर अख्खी रेघ काढून देतो, एकट्या माणसाला, दोन्ही हात मोकळे ठेवून.

त्याच दुपारी मिस्त्रींनी सहज म्हणून माझ्या हिरव्या रेघेला नळी लावून पाहिली. हॉल ६ मीटरचा, आणि समोरासमोरच्या भिंतींवर ५ मिलिमीटरचा फरक. नळीत बुडबुडा नव्हता, टोकं जुळत होती, नळी पूर्ण सावलीत होती. तेव्हा मला आठवलं, महिन्यापूर्वी यंत्र तिपाईसकट पडलं होतं. आतला लोलक किंवा किरणाची बैठक हलली असणार. रेघ होती तशीच ठसठशीत, एक दिवाही लुकलुकला नाही.

माझं यंत्र दुरुस्तीला गेलं. टाइल्सच्या दिवशी मिस्त्रींनी पुतण्याचं लेझर मागवलं आणि चालू करायच्या आधी पोराला नळी भरून आणायला सांगितली.