गॅस सेन्सर थंड ठेवला की कुठे अडतं?

गॅसगळती ओळखणाऱ्या एमक्यू-२ सारख्या सेन्सरमध्ये ॲल्युमिनाच्या बारीक नळीवर टिन ऑक्साइडचा थर असतो आणि नळीच्या आत हीटरची तार. हा हीटर ५ व्होल्टवर साधारण ०.८ वॅट खातो. सीआर२०३२ या बटण-बॅटरीत साठवलेली सगळी ऊर्जा तो तासाभरात संपवेल. त्यामुळे हीटरशिवाय चालणारा सेन्सर सगळ्यांनाच हवा आहे.

मग तापवायचं कशाला? हवेतला ऑक्सिजन थराच्या पृष्ठभागावर चिकटतो, थरातले इलेक्ट्रॉन धरून ठेवतो आणि थराचा रोध (वीज वाहण्याला होणारा अडथळा) वाढतो. हायड्रोजन किंवा कार्बन मोनॉक्साइड आला की तो या ऑक्सिजनशी संयोग पावतो, इलेक्ट्रॉन मोकळे होतात, रोध उतरतो. साधारण १५० अंश सेल्सिअसच्या वर ऑक्सिजन सुट्या अणूंच्या रूपात बसतो आणि झटपट अभिक्रिया करतो. त्याखाली तो रेणूच्या रूपातच राहतो आणि सुस्त असतो.

यावर उपाय आहेत. टिन ऑक्साइडचे कण ६ नॅनोमीटरच्या आसपास किंवा त्याहून लहान केले की पृष्ठभागाचा परिणाम कणाच्या गाभ्यापर्यंत पोचतो आणि संवेदनशीलता एकदम वाढते. पॅलेडियमचे कण पेरले तर हायड्रोजनचा रेणू खोलीच्या तापमानालाही फुटतो. झिंक ऑक्साइडवर ३६५ नॅनोमीटरचा अतिनील एलईडी टाकला तर उष्णतेचं काही काम प्रकाश करतो. कॉपर ऑक्साइड हायड्रोजन सल्फाइडशी कमी तापमानालाच अभिक्रिया करून कॉपर सल्फाइड बनतं. ते वीज उत्तम वाहून नेतं, म्हणून टिन ऑक्साइडमध्ये कॉपर ऑक्साइड मिसळलेलं असलं की हा गॅस येताच रोध धाडकन कोसळतो.

खरी अडचण पुढे येते. गॅस निघून गेला तरी रोध पूर्ववत होत नाही, कारण चिकटलेले रेणू सुटायलाही ऊर्जा लागते. कॉपर सल्फाइडचं पुन्हा ऑक्साइड करायलाही उष्णताच हवी. दुसरी अडचण दमटपणाची. थंड पृष्ठभागावर पाण्याचा थर साचतो, त्यातून प्रोटॉन वाहू लागतात आणि गॅस नसतानाही आकडा हलतो. म्हणून फक्त कोरड्या हवेत मोजलेल्या संवेदनशीलतेवर आमचा भरवसा नाही. तीच चाचणी ५० आणि ८० टक्के आर्द्रतेला करावी, आणि गॅस बंद केल्यावर ९० टक्के पूर्ववत व्हायला किती वेळ लागतो तेही नोंदवावं. हा वेळ काही तासांवर गेला तर गळतीच्या अलार्मसाठी तो सेन्सर निरुपयोगी.

तूर्त व्यवहार्य वाट मधली आहे: सूक्ष्म हीटरपट्टीवरचा सेन्सर थंड ठेवून वाचायचा आणि अधूनमधून क्षणभर तापवून साफ करायचा. मात्र तापवल्यावर पट्टी पूर्ण निवल्याशिवाय वाचन घेऊ नये. टिन ऑक्साइडचा रोध तापमानानुसारही बदलतो आणि तो बदल गॅस समजला जातो.