परवानगी बदलली, टोकन मात्र जुनंच

ट्विटरवर, म्हणजे आजच्या एक्सवर, बॉट, म्हणजे आपोआप पोस्ट टाकणारा प्रोग्राम, चालवणाऱ्या बहुतेकांना हा अनुभव आलेला असतो. ॲप नोंदवलं, किल्ल्या मिळाल्या, कोड लिहिला आणि पहिलीच पोस्ट पाठवताना 403 आला, म्हणजे सर्व्हरने ‘परवानगी नाही’ म्हटलं. कारण ॲपची परवानगी मुळात ‘फक्त वाचा’ अशी असते. मग सेटिंगमध्ये जाऊन ‘वाचा आणि लिहा’ निवडायचं, सेव्ह करायचं, पुन्हा कोड चालवायचा. पुन्हा 403. पानावर तर ‘वाचा आणि लिहा’ स्वच्छ दिसतंय! माणूस दोन तास स्वतःच्या कोडमध्ये चूक शोधत बसतो आणि शेवटी कुणीतरी सांगतं: टोकन, म्हणजे पासवर्डऐवजी ॲप दाखवतं तो परवाना, नव्याने काढ.

हा बग आहे असं अनेकांना वाटतं. तो बग नाही. टोकन ज्या क्षणी तयार झालं, त्या क्षणी वापरकर्त्याने जेवढ्याला ‘हो’ म्हटलं, तेवढीच परवानगी त्या टोकनात असते. ॲपच्या मालकाने नंतर आपल्या पानावर काहीही बदललं तरी आधी दिलेल्या होकाराचा अर्थ बदलत नाही. बॉटच्या बाबतीत मालक आणि वापरकर्ता एकच माणूस असल्याने हा नियम खुळचट वाटतो. पण नियम केला तो लाखो लोकांची खाती दुसऱ्याच्या ॲपला जोडली जात होती त्या काळात, आणि त्यामागे बराच इतिहास आहे.

ट्विटरचा एपीआय, म्हणजे इतर प्रोग्रामांनी ट्विटरशी बोलायचा दरवाजा, 2006 च्या सप्टेंबरमध्ये खुला झाला. तेव्हा परवानगी वगैरे भानगडच नव्हती. एखादं क्लायंट ॲप, म्हणजे ट्विटर वापरण्यासाठी दुसऱ्या कुणी बनवलेलं ॲप, वापरायचं तर त्याला सरळ आपलं नाव आणि पासवर्ड द्यायचा. ते ॲप तो साठवून ठेवायचं आणि प्रत्येक विनंतीबरोबर पाठवायचं. त्या ॲपला काय करता येईल? तुम्हाला जे जे करता येतं ते सगळं. एका ॲपची परवानगी काढायची तर पासवर्ड बदलायचा, म्हणजे बाकीची सगळी ॲपही बंद पडणार. हे फक्त ट्विटरचं नव्हतं. ‘तुमच्या मित्रांना शोधा’ म्हणत तुमच्या ईमेलचा पासवर्ड मागणाऱ्या साइट तेव्हा सर्रास होत्या आणि आपण तो मुकाट्याने देतही होतो.

काही कंपन्यांनी यावर आपापले उपाय काढले होते. फ्लिकरची पद्धत त्यातली सगळ्यात नेटकी. ॲप तुम्हाला फ्लिकरच्याच पानावर पाठवायचं, तिथे ते ॲप वाचणार, लिहिणार की फोटो डिलीटही करणार, हे दिसायचं आणि मग तुम्ही हो किंवा नाही म्हणायचं. गूगल आणि याहूच्याही स्वतःच्या पद्धती होत्या. ॲप लिहिणाऱ्याने प्रत्येक ठिकाणी नवीन पद्धत शिकायची. 2006 च्या अखेरीस ट्विटरमध्ये काम करणारा ब्लेन कुक या प्रश्नाशी झुंजत होता. ख्रिस मेसिना आणि इतर काही जणांबरोबर झालेल्या चर्चेत लक्षात आलं की यासाठी खुलं असं एकही मानक नाही. त्यातून ओऑथ, म्हणजे पासवर्ड न देता ॲपला मोजकी परवानगी देण्याचं मानक, जन्माला आलं, त्याची 1.0 आवृत्ती 2007 च्या डिसेंबरमध्ये निघाली. त्याचं स्वरूप समजावताना त्याचे पुरस्कर्ते हॉटेलच्या दारात गाडी लावायला येणाऱ्या माणसाच्या किल्लीचा दाखला द्यायचे: गाडी चालेल, डिकी उघडणार नाही.

ओऑथमुळे ‘नोंदवलेलं ॲप’ ही गोष्ट महत्त्वाची झाली. पासवर्डच्या काळात सर्व्हरला दिसायचा तो फक्त वापरकर्ता. आता दोघे दिसू लागले: कोणाच्या वतीने, आणि कोण. त्यासाठी ॲपला नाव, ओळखीची एक किल्ली आणि एक गुपित हवं, आणि हे सगळं ठेवायला एक पान हवं. आज डेव्हलपर ज्या सेटिंगच्या पानाशी डोकं आपटतो त्याचा उगम इथे आहे.

त्या पानावरचा कॉलबॅकचा, म्हणजे ‘हो’ म्हटल्यावर माणसाला ॲपकडे परत नेणाऱ्या पत्त्याचा, रकाना मात्र एका अपघातातून आजच्या रूपाला आला. 2009 च्या एप्रिलमध्ये ओऑथच्या मूळ रचनेतच एक भोक सापडलं. हल्लेखोराने परवानगीची प्रक्रिया स्वतः सुरू करायची, अर्धवट सोडायची आणि ती लिंक दुसऱ्याला पाठवायची. त्या बिचाऱ्याने खऱ्याखुऱ्या ट्विटरच्या पानावर ‘हो’ म्हटलं की फळ हल्लेखोराच्या पदरात. ट्विटरने ओऑथ काही काळ बंदच ठेवलं. जूनमध्ये 1.0ए ही दुरुस्त आवृत्ती आली. तिच्यात परत जाण्याचा पत्ता प्रक्रियेच्या सुरुवातीलाच सांगणं बंधनकारक झालं आणि शेवटी पडताळणीचा एक आकडा परत येऊ लागला. ज्या डेस्कटॉप ॲपला परत जाण्याचा पत्ताच नसतो, त्यांच्यासाठी तो आकडा पिन म्हणून पडद्यावर दाखवायचा आणि माणसाने हाताने टाइप करायचा. तरी ट्विटरने कॉलबॅकचे पत्ते ॲपच्या सेटिंगमध्ये आधीच नोंदवण्याची सक्ती केली ती थेट 2018 च्या जूनमध्ये.

पासवर्डवाली पद्धत ट्विटरने 31 ऑगस्ट 2010 ला कायमची बंद केली. आधीची तारीख जूनअखेरची होती, पण फुटबॉलच्या विश्वचषकात सर्व्हरवर ताण असताना असला बदल नको म्हणून ती पुढे गेली. ऑगस्टच्या मध्यापासून जुन्या पद्धतीच्या विनंत्यांची मर्यादा टप्प्याटप्प्याने उतरवत शून्यावर आणली. ज्यांनी ॲप अद्ययावत केली नव्हती, ती सगळी शेवटी मुकी झाली. डेव्हलपर मंडळींनी या दिवसाला ‘ओऑथकॅलिप्स’ म्हटलं, ते काही उगाच नाही.

आणि आता मूळ मुद्दा. ओऑथ आलं तेव्हा ट्विटरवर परवानग्या दोनच होत्या: वाचणं, आणि वाचणं-लिहिणं. ‘वाचणं’ यात खासगी मेसेज वाचणंही येत होतं! म्हणजे तुमच्या ट्वीटचा आलेख काढून दाखवणाऱ्या एखाद्या फुटकळ साइटला तुमचे खासगी मेसेजही उघडता येत. 2011 च्या मे महिन्यात ट्विटरने तिसरी पायरी आणली: वाचा, लिहा आणि मेसेज. ज्या ॲपना मेसेज हवे होते, त्यांनी सेटिंगमध्ये ही पायरी निवडायची. पण तेवढ्याने भागणार नव्हतं. त्यांच्या प्रत्येक वापरकर्त्याला पुन्हा ट्विटरच्या पानावर जाऊन नव्याने ‘हो’ म्हणावं लागणार होतं. क्लायंट ॲप बनवणाऱ्यांनी आरडाओरडा केला, कारण लाखो लोकांना पुन्हा लॉगिन करायला लावणं म्हणजे त्यातले काही कायमचे गमावणं. मुदत पुढे ढकलावी लागली, पण नियम टिकला. त्याच सुमाराला एपीआयच्या उत्तरात ‘एक्स-ॲक्सेस-लेव्हल’ नावाचा हेडर, म्हणजे उत्तराच्या माथ्यावरची एक नोंद, येऊ लागला. पानावर काय लिहिलंय ते सोडा, हातातल्या टोकनाची पायरी कोणती, ते हा हेडर सांगतो. डोकं आपटण्याआधी तो बघावा.

हा हट्ट योग्यच होता असं माझं मत आहे. उलट केलं असतं तर काय झालं असतं, याची कल्पना करायला फार लांब जावं लागत नाही. ‘फक्त वाचा’ म्हणून हजारो लोकांना जोडून घ्यायचं, आणि वर्षभराने एका रात्री बटण दाबून सगळ्यांच्या खात्यांवरून लिहायला सुरुवात करायची. ज्यांनी लिहिण्याची परवानगी आधीच दिलेली असते, त्यांच्या बाबतीत हे घडलेलंही आहे. 15 मार्च 2017 ला ॲम्नेस्टीसारख्या संस्थांसह कितीतरी खात्यांवरून अचानक तुर्की भाषेत, स्वस्तिकासह, जर्मनी आणि नेदरलँड्सला नाझी म्हणणारी ट्वीट निघाली. कोणाचाही पासवर्ड फुटला नव्हता. घुसखोरी झाली होती ‘ट्विटर काउंटर’ नावाच्या आकडेवारी दाखवणाऱ्या सेवेत. फॉलोअर मोजणाऱ्या सेवेला लिहिण्याची परवानगी कशाला हवी होती, हा प्रश्न विचारायला सगळ्यांना उशीर झाला.

फेसबुकची कहाणी वेगळ्या वाटेने गेली. तिथल्या पहिल्या ग्राफ एपीआयमध्ये (फेसबुकची माहिती ॲपना देणारा दरवाजा) ॲप वापरणारा माणूस स्वतःबरोबर मित्रांच्या माहितीचीही परवानगी देऊ शकत होता. मित्रांना कुणी विचारत नव्हतं. 30 एप्रिल 2014 ला फेसबुकने नवी आवृत्ती जाहीर केली, मित्रांच्या माहितीची दारं बंद केली आणि जुन्या ॲपना एक वर्षाची मुदत दिली. मूलभूत माहितीपलीकडची परवानगी हवी तर फेसबुककडून तपासणी करून घेण्याचीही अट आली. पण सेटिंग बदलल्याने आधी नेलेली माहिती परत येत नाही. एका प्रश्नावलीच्या ॲपमधून लोकांची माहिती केंब्रिज ॲनालिटिका या राजकीय सल्लागार कंपनीकडे गेल्याचं प्रकरण 2018 मध्ये बाहेर आलं तेव्हा फेसबुकने भारताचा आकडा दिला: ते ॲप इथे 335 जणांनी टाकलं होतं, आणि माहिती गेली असण्याची शक्यता 5,62,455 जणांची. त्यानंतर जी डागडुजी झाली तिच्यात एक चांगली गोष्ट होती: तीन महिने न वापरलेल्या ॲपची परवानगी आपोआप संपू लागली.

सेटिंगमधलं ॲपचं नाव हा तर सगळ्यात निरुपद्रवी वाटणारा रकाना. 3 मे 2017 ला कोणीतरी गूगलवर ‘गूगल डॉक्स’ याच नावाचं ॲप नोंदवलं आणि लोकांना आमंत्रणं पाठवली. परवानगीचं पान अस्सल गूगलचंच होतं, त्यामुळे पत्ता तपासून बघणारे सावध लोकही फसले. ॲप मेल वाचण्याची आणि पाठवण्याची परवानगी मागायचं आणि संपर्कयादीतल्या सगळ्यांना तेच आमंत्रण धाडायचं. गूगलने तासाभरात ते थांबवलं, पण त्यानंतर न तपासलेल्या ॲपसाठी धोक्याची सूचना देणारा पडदा मध्ये आला.

परवानगी बदलण्याचा सगळ्यात कडक नियम मला विकिमीडियाचा, म्हणजे विकिपीडिया चालवणाऱ्या संस्थेचा, वाटतो. 2013 पासून तिथे ओऑथ आहे. ‘क्रॉपटूल’ किंवा ‘क्विकस्टेटमेंट्स’सारखी साधनं मराठी विकिपीडियावरच्या खात्यानेही वापरता येतात, ती याच जोरावर. तिथे ॲप नोंदवताना कोणकोणते अधिकार हवेत ते सांगायचं आणि स्वयंसेवकांपैकी ज्यांना तो अधिकार आहे त्यांच्या मंजुरीची वाट पाहायची. तोवर ते ॲप फक्त तुम्हालाच वापरता येतं. मंजुरीनंतर अधिकार वाढवायचे असतील तर? वाढवता येत नाहीत. नवी आवृत्ती नोंदवा, पुन्हा मंजुरी घ्या. कंटाळवाणं आहे, पण काय बदललं याबद्दल कुणाच्या मनात गोंधळ राहत नाही.

कोड साठवण्याच्या गिटहब या साइटने मधला मार्ग काढला. गिटहब ॲपच्या मालकाने जास्तीची परवानगी मागितली की ज्या ज्या खात्यावर ते ॲप बसवलंय तिथल्या मालकाला सूचना जाते. तो मान्य करेपर्यंत ॲप जुन्या अधिकारांवर चालत राहतं. ऑफिसातल्या संवादासाठीच्या स्लॅकमध्ये परवानगीची यादी बदलली की वर पट्टी येते: ॲप पुन्हा बसवा.

ओऑथची दुसरी आवृत्ती 2012 च्या ऑक्टोबरमध्ये मानक म्हणून प्रसिद्ध झाली. तिने परवानगीचा मुक्काम हलवला. सेटिंगच्या पानावर एक पायरी ठरवण्याऐवजी ॲपने त्या त्या वेळी काय हवं ते मागायचं: पोस्ट वाचणं, पोस्ट लिहिणं, माणूस समोर नसतानाही काम चालू ठेवणं, असं सुटं सुटं. ट्विटर तिथे बरंच उशिरा, 2021 च्या अखेरीस पोहोचलं. त्या आधी 2018 मध्ये डेव्हलपर खात्यासाठी रीतसर अर्ज सुरू झाले होते. त्याच वर्षी एप्रिल ते जून या तीन महिन्यांत नियम मोडणारी 1,43,000 ॲप काढून टाकल्याचं ट्विटरने सांगितलं होतं. 2023 मध्ये तर जानेवारीत दुसऱ्यांची क्लायंट ॲप एका रात्रीत तोडली गेली आणि पाठोपाठ एपीआयलाच दर लागले. परवानगी कोणती मागायची, याआधी खिशाला परवडेल का हा प्रश्न आला.

ओऑथच्या जुन्या आणि नव्या अशा दोन्ही पद्धती ट्विटरवर एकाच ॲपवर नांदत असल्याने गोंधळ आणखी वाढला. वाचा-लिहा-मेसेज ही तीन पायऱ्यांची निवड जुन्या पद्धतीच्या टोकनांना लागू होते. नव्या पद्धतीचं टोकन विनंतीत मागितलेल्या यादीप्रमाणे मिळतं, दोन तासांत संपतं आणि पुढे न्यायचं तर वेगळी परवानगी आधीच मागून ठेवावी लागते. बॉटवाल्यांपैकी बरेच अजून जुन्याच टोकनांवर आहेत, कारण ती आपण होऊन संपत नाहीत. त्यांच्यासाठी किल्ल्यांच्या पानावर एक छोटी ओळ आली: हे टोकन अमुक परवानगीसह तयार केलेलं आहे. सेटिंग बदलल्यावरही तिथे ‘फक्त वाचा’ दिसत असेल, तर शेजारचं ‘रीजनरेट’ दाबायचं, नवं टोकन आणि त्याचं गुपित दोन्ही कॉपी करून कोडमध्ये बदलायचं. पान बंद केलं की ते गुपित पुन्हा दिसत नाही.