माणसं किती लागतात, हे मोजायची रीत आली कुठून?

धुळे, नंदुरबार, जळगाव, कुठल्याही जिल्ह्याच्या सरकारी कचेरीत आकृतिबंधाचा, म्हणजे मंजूर पदं किती असावीत याचा, विषय निघाला की वाद एकाच जागी अडतो. कर्मचारी म्हणतात, एकेकावर तीन टेबलांचा अतिरिक्त कार्यभार आहे. वरून विचारणा होते, भार आहे हे दाखवा. तो दाखवण्याच्या रीतींपैकी एक म्हणजे वर्क सॅम्पलिंग. दिवसभर कोणाच्या मागे उभं राहायचं नाही. ठरवलेल्या, पण अनियमित वेळांना जायचं आणि त्या क्षणी कोण काय करतोय, एवढीच नोंद करायची. अशा नोंदी पुरेशा झाल्या की कोणत्या कामाला किती टक्के वेळ जातो, ते कळतं.

ही रीत कापडगिरणीत जन्मली. जळगावची खान्देश मिल, अमळनेरची प्रताप मिल, धुळ्याची न्यू प्रताप मिल, चाळीसगावची गिरणी आठवणाऱ्यांना तिचं कारण चटकन कळेल. साचेखात्यात एका विणकराकडे अनेक साचे, म्हणजे माग असतात. तार, म्हणजे सुताचा धागा, तुटली की साचा थांबतो. विणकर ती जोडेपर्यंत शेजारचा थांबला, तर तो तसाच पडून राहतो. अशा ठिकाणी एका माणसावर घड्याळ लावून हाती फारसं काही लागत नाही, कारण तोटा माणसात नसतो, साच्यांच्या एकमेकांत अडकलेल्या थांबण्यात असतो.

१९२०च्या दशकाच्या उत्तरार्धात मँचेस्टरच्या कापूस संशोधन संस्थेत एल. एच. सी. टिपेट हे संख्याशास्त्रज्ञ याच कोड्यावर काम करत होते. कल्पनेचं श्रेय त्यांनी एका गिरणी मॅनेजरला दिलं. त्याचं म्हणणं असं की खात्यात नजर टाकली तरी काम कसं चाललंय ते कळतं: बहुतेक विणकर वाकलेले असतील तर तारा तुटताहेत, उभे राहून साच्यांकडे पाहत असतील तर सगळं ठीक. टिपेटनी त्या नजरेला गणिताचा आधार दिला आणि १९३५ साली ही पद्धत प्रसिद्ध केली. म्हणजे स्वस्थ उभा विणकर ही मुळात चांगली खूण होती! पुढे हे बहुतेक जण विसरले.

त्याआधी कामाचं मोजमाप म्हणजे स्टॉपवॉच, आणि स्टॉपवॉच म्हणजे भांडण. अमेरिकेत कामाला घड्याळ लावून वेळ ठरवणारे अभियंते फ्रेडरिक टेलर यांच्या पद्धतीविरुद्ध १९११ साली वॉटरटाऊनच्या सरकारी शस्त्रागारात संप झाला. पुढे तिथल्या संसदेने शस्त्रागारांत घड्याळ लावण्यावर बंदी घातली, ती १९४०च्या दशकाच्या अखेरीपर्यंत टिकली. इकडे मुंबईत १९२८ साली गिरणी कामगारांचा सुमारे सहा महिन्यांचा संप झाला. एका विणकराने दोनाऐवजी तीन साचे सांभाळावेत, हा त्यातला एक कळीचा मुद्दा होता. मँचेस्टरच्या संस्थेत जो प्रश्न वहीत सुटत होता, तोच मुंबईत रस्त्यावर आला होता.

१९४०च्या सुमारास रॉबर्ट मॉरो यांनी ही पद्धत अमेरिकेत नेली आणि १९५०च्या दशकात तिला आजचं नाव मिळालं. १९५४ साली फे अब्देल्ला आणि यूजीन लेव्हिन यांनी ती परिचारिकांच्या कामाला लावली. आपल्याकडे १९५८ साली राष्ट्रीय उत्पादकता परिषद आली आणि १९६४ साली केंद्राच्या अर्थ मंत्रालयात कर्मचारीसंख्या तपासणारं पथक उभं राहिलं. वर्क स्टडी, म्हणजे कामाचा मोजून अभ्यास, हा शब्द कचेऱ्यांत रुळला तो याच काळात.

हिशेब अवघड नाही. समजा, एका कचेरीत दहा माणसं आठवड्याला चाळीस तास असतात, म्हणजे ४०० तास. नोंदींत ७० टक्के वेळा ती अर्जांच्या कामात दिसली, तर २८० तास. त्या आठवड्यात १,१२० अर्ज निकाली निघाले असतील तर एका अर्जाला १५ मिनिटं. अर्ज १,६०० झाले तर ४०० तास लागतील. विश्रांती आणि रजेसाठी १५ टक्के सोडल्यास एका माणसाचे ३४ तास उरतात, म्हणजे १२ माणसं हवीत. उत्तर पाच टक्क्यांच्या आत-बाहेर आणि ९५ टक्के खात्रीचं हवं असेल, तर ७० टक्क्यांच्या आसपास सुमारे ३२३ नोंदी लागतात. फरक तीन टक्क्यांवर आणायचा तर जवळजवळ ९००.

खरी गोची उरलेल्या ३० टक्क्यांची. भुसावळच्या रेल्वे यार्डातला रुळांचे सांधे बदलणारा पॉइंट्समन गाडीची वाट पाहत उभा असतो, तेव्हा ते उभं राहणंच त्याचं काम असतं. कागदावर मात्र 'रिकामा' असा रकाना असतो आणि त्यात टिकमार्क पडतो. रकाने कोण आखतो, यावर निम्मा निकाल ठरतो, असं माझं मत आहे. दुसरी अडचण जागेची. धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवर पायी फिरणारी परिचारिका उपकेंद्रात बसलेल्या निरीक्षकाला दिसतच नाही. तिच्या नावापुढे 'जागेवर नाही' एवढंच येतं.

तिसरी अडचण हंगामाची, आणि खान्देशात ती मोठी आहे. जिनिंगमध्ये कापूस येत असताना घेतलेल्या नोंदी आणि मे महिन्यातल्या नोंदी एकाच कारखान्याच्या वाटणार नाहीत. पावसाळ्यात आरोग्य केंद्राची ओपीडी वेगळी, उन्हाळ्यात वेगळी. जागतिक आरोग्य संघटनेने १९९८ साली मांडलेली आणि २०१० साली सुधारलेली कार्यभार-निर्देशक पद्धत म्हणूनच वर्षभराच्या सेवांची आकडेवारी धरते आणि सुट्ट्या, रजा, प्रशिक्षण वजा करून माणसाचे खरे उपलब्ध दिवस काढते. ती आणि वर्क सॅम्पलिंग दोन्ही एकत्र वापरता येतात. पदांचा प्रस्ताव राज्य सरकारच्या उच्चस्तरीय सचिव समितीपुढे जाण्याआधी त्यातल्या टक्केवारीसोबत निरीक्षणाच्या तारखा, वेळा आणि रकान्यांची यादी जोडली आहे का, हे कर्मचारी संघटनांनी मागून पाहावं.