वैमानिकाचं वय आणि एक टक्क्याचं गणित

वयाची ६५ वर्षं पूर्ण झाली, की वैमानिकाला आंतरराष्ट्रीय मार्गावरचं प्रवासी विमान चालवता येत नाही. मग सिम्युलेटरची परीक्षा त्यानं परवाच उत्तम पार पाडलेली असो, नाहीतर ईसीजी तरण्याबांड माणसासारखा असो. हा आकडा काही थेट शरीरशास्त्रातून आलेला नाही.

मुळात मर्यादा ६० ची होती. अमेरिकेत १९५९ मध्ये नियम झाला आणि १९६० मध्ये लागू झाला. तो करणारे हवाई प्रशासनाचे प्रमुख एलवुड केसाडा. अशा मर्यादेसाठी त्यांना पत्र लिहिलं होतं अमेरिकन एअरलाइन्सच्या प्रमुखांनी. पद सोडल्यावर केसाडा त्याच कंपनीच्या संचालक मंडळावर गेले. योगायोग म्हणा हवं तर. पुढे २००६ मध्ये ‘इकाओ’ या नागरी विमान वाहतुकीच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं मर्यादा ६५ वर नेली. साठी ओलांडलेल्याच्या शेजारचा वैमानिक साठीच्या आतला हवा, ही अट २०१४ मध्ये गेली. एकट्यानं विमान चालवायचं असेल, तर मात्र ६० च.

एक आणि दोन वैमानिकांत हा फरक का? विमानवैद्यकातला ‘एक टक्क्याचा नियम’ त्याचं उत्तर देतो. पुढच्या वर्षभरात वैमानिक अचानक कोसळण्याची शक्यता १ टक्क्यापर्यंत असेल, तर ती चालवून घ्यायची. वर्षाचे तास ८,७६०. ढोबळमानाने १०,००० धरा. म्हणजे तासाला धोका दहा लाखांत एक. त्यात उड्डाण आणि उतरण्याचा नाजूक वेळ साधारण एक दशांश. तेव्हाही शेजारचा विमान सावरतोच. शंभरात एखाद्या वेळी त्याला जमणार नाही, असं धरलं. गुणाकार केला, की अब्ज तासांत एक प्राणघातक अपघात. दुसरा वैमानिक काढून घ्या, हे गणित तिथंच कोसळतं.

यात वय थेट येत नाही, येतं ते हृदय. १९७२ मध्ये लंडनजवळ स्टेन्सला ट्रायडंट विमान पडून ११८ जण गेले. शवविच्छेदनात कॅप्टनच्या हृदयाच्या धमन्या खराब झालेल्या आढळल्या. त्याचं वय होतं ५१. वयाची कुठलीही मर्यादा त्याला अडवू शकली नसती. एरवी उड्डाणात वैमानिक आडवा होतो तो बहुतेकदा पोट बिघडल्यामुळे!

मेंदूचं प्रकरण जास्त गुंतागुंतीचं. २००७ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी ४० ते ६९ वयाच्या ११८ वैमानिकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सिम्युलेटरवर त्यांची तीन वर्षं परीक्षा घेतली होती. दिशा, उंची, रेडिओची फ्रिक्वेन्सी असं सगळं एका दमात कानावर पडल्यावर ते ध्यानात ठेवून अमलात आणण्यात वयस्कर सुरुवातीला मागे पडले. पण पुढच्या वर्षांत त्यांची घसरण तरुणांपेक्षा कमी होती, आणि समोरून येणारं विमान टाळण्यात तर ते तरुणांपेक्षा जास्त सुधारले. वरच्या दर्जाचा परवाना असलेले तर आणखी चांगले टिकले.

आता ६७ ची मागणी आहे. अमेरिकेच्या प्रतिनिधीगृहानं २०२३ मध्ये ती मान्यही केली, पण २०२४ च्या कायद्यात ६५ च राहिले. ऑस्ट्रेलियात देशांतर्गत उड्डाणांना वयाची सरसकट मर्यादाच नाही. ‘इकाओ’च्या नियमांनुसार प्रवासी विमानांच्या वैमानिकांची वैद्यकीय तपासणी साठीनंतर दर सहा महिन्यांनी होते. तिचा भर हृदय, डोळे, कान यांवर. स्मरणशक्ती आणि प्रतिसादाचा वेग तितक्या काटेकोरपणे मोजला जात नाही. माझ्या मते, दोन वर्षं वाढवायची असतील तर आधी ही मोजणी सुरू करावी, आणि तीही पन्नाशीपासून.