स्वस्तातला गेमिंग हेडसेट घेताय? आधी पिन बघा

"आवाज येतो, पण माइक चालत नाही." तापकीर गल्लीतल्या आमच्या दुकानात हेडसेट परत येतो तो बहुतेक वेळा हीच तक्रार घेऊन, आणि काउंटरवर लावून पाहिला तर ठणठणीत चालतो. ग्राहकाचा हेलपाटा मात्र फुकट जातो.

हजार-दोन हजारांतल्या बऱ्याच हेडसेटना ३.५ एमएमची एकच पिन असते. तिच्यावरच्या रेघा मोजा. तीन असतील तर आवाज आणि माइक दोन्ही त्याच पिनेतून जातात. मोबाइल, बहुतेक नवे लॅपटॉप, प्लेस्टेशनचा कंट्रोलर यांना ती थेट चालते. घरच्या सीपीयूला मात्र मागे हिरवं आणि गुलाबी अशी दोन वेगळी सॉकेट असतात. ही पिन हिरव्यात घातली की गेमचा आवाज येतो, पण तुमचं बोलणं टीममध्ये कुणालाच ऐकू जात नाही.

यावर उपाय स्प्लिटर. पण तोही नीट बघून घ्या. एका फोनवर दोघांनी गाणी ऐकायचा स्प्लिटर वेगळा, त्याला एक पिन आणि दोन सॉकेट असतात. तुम्हाला हवा तो याच्या उलट: एक सॉकेट, दोन पिना, आणि प्रत्येक पिनेवर दोनच रेघा. काही हेडसेटच्या बॉक्समध्येच तो येतो. नसेल तर आमच्याकडे मिळतो, हेडसेटसोबतच घेऊन जा. ही कटकटच नको असेल तर यूएसबी हेडसेट घ्या. त्याचं साउंड कार्ड त्याच्यातच असतं. फक्त तो कंट्रोलरच्या गोल सॉकेटमध्ये लागणार नाही.

बॉक्सवरच्या ७.१ साठी, म्हणजे चहूबाजूंनी आवाज येतोय असं वाटायला लावणाऱ्या सोयीसाठी, जादा पैसे मोजू नका. या किमतीत दोन्ही कानांना एकेकच स्पीकर असतो, बाकीची करामत सॉफ्टवेअरची. विंडोज १० आणि ११ मध्ये तशी सोय 'विंडोज सोनिक' नावाने फुकट आहे. तेच पैसे चांगल्या माइकवर आणि कापडी कुशनवर घाला. एप्रिल-मेमध्ये रेक्झिनच्या कुशनखाली तासाभरात कान घामाने चिकचिकतात.

वायरलेसमध्ये २.४ गिगाहर्ट्झचा डोंगल (सीपीयूला लावायचा छोटा रिसीव्हर) असलेला घ्या. साध्या ब्लूटूथवर गोळीचा आवाज उशिरा पोचतो, आणि माइक चालू केला की बहुतेक वेळा आवाजाचा दर्जाही पडतो.

आम्ही सील तुमच्यासमोर फोडतो, माइकवर तुमचा आवाज रेकॉर्ड करून तुम्हालाच ऐकवतो. काहींना ते आवडत नाही, पॅकबंद बॉक्सच हवा असतो. पण कानाला लावून वापरलेला हेडसेट आम्ही दुसऱ्या कुणाला नवा म्हणून देत नाही, म्हणून "आवडला नाही" एवढ्यावर परत घेत नाही. वस्तूतच दोष असेल तर वॉरंटीचं काम आमच्याकडे.

येताना सीपीयूच्या मागच्या बाजूचा फोटो मोबाइलमध्ये काढून आणा. कोणती पिन लागेल ते बघून लगेच सांगू.