अल्पाका घ्यायचा तर मानेला विचारून

पेरूची सहल संपवून निघालेले प्रवासी लिमाच्या विमानतळावर हमखास एक काम करतात: अल्पाका या उंटाच्या कुळातल्या जनावराच्या लोकरीच्या स्वेटरावर तळहात फिरवतात, ‘काय मऊ आहे!’ म्हणतात आणि कार्ड पुढे करतात. नेमका तळहातच इथे कुचकामी. लोकर टोचते की नाही हे तिथल्या जाड कातडीला जवळजवळ कळत नाही. ते कळतं मानेला, नाहीतर मनगटाच्या आतल्या बाजूला.

टोचणं म्हणजे ॲलर्जी नव्हे, साधं यंत्रशास्त्र आहे. कापडातून तंतूंची टोकं बाहेर डोकावत असतात. बारीक टोक त्वचेला टेकलं की वाकतं. जाड टोक न वाकता रुततं आणि वेदना कळवणाऱ्या चेतातंतूंना डिवचतं. ही सीमा साधारण ३० मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). वाकायला होणारा विरोध जाडीच्या चौथ्या घातानं वाढतो, म्हणून २० मायक्रॉनचा तंतू ३०चा झाला की तो पाचपट ताठ होतो. शंभरात पाचेक तंतू असे निघाले तरी मान खाजू लागते.

म्हणूनच प्रतवारीला किंमत आहे. ‘बेबी अल्पाका’ म्हणजे पिल्लाची लोकर असा समज सर्रास आढळतो, पण ती बारीकपणाची प्रत आहे, सरासरी २२ मायक्रॉनच्या आसपास. मोठ्या जनावराच्या अंगावरही ती मिळते. पेरूतल्या आरेकिपा शहरात कसलेल्या बायका ही लोकर बोटांनी चाचपून वेगळी करतात. त्यांच्या बोटांना वर्षांचा सराव असतो. आपल्याला दुकानात पाच मिनिटं.

त्यात ॲक्रिलिकवर, म्हणजे कृत्रिम धाग्यावर, सिलिकॉनचा हात फिरवला की तेही लोण्यासारखं लागतं. धागा जाळून पाहिला तर अल्पाकाला केस जळल्याचा वास येतो आणि राख चुरगळते, ॲक्रिलिक वितळून कडक मणी होतो. विमानतळावर हा प्रयोग अर्थातच नको. तिथे आतल्या पट्टीवरचे टक्के वाचावेत.

‘१०० टक्के’चा हट्ट मात्र स्वेटरासाठी धरू नये. अल्पाकाच्या तंतूला मेंढीच्या लोकरीइतका कुरळेपणा नसतो, त्यामुळे ताणलेलं कापड नीट परत येत नाही. थोडी मेरिनो मेंढीची लोकर मिसळलेली असली तर बाह्या आणि कोपरं आकार धरून राहतात. शाल शुद्ध घ्यावी, ती लोंबलेलीच छान दिसते. घरी आल्यावर स्वेटर हँगरला न टांगता घडी करून ठेवावा आणि पावसाळ्याआधी हवाबंद पिशवीत घालावा. कसरीला केराटिन, म्हणजे केसातलं प्रथिन, लागतं. ते मेंढीचं की अल्पाकाचं, तिला फरक पडत नाही.