महाग हेडफोन म्हणजे चांगला आवाज?

हेडफोनच्या शौकिनांत एक समज वर्षानुवर्षं फिरतोय: किंमत जास्त तितका आवाज सरस, आणि अमुक ब्रँड तर डोळे मिटून घ्यावा. घ्या की! पण मग ऐकतानाही डोळे मिटलेलेच ठेवा. पंचाईत तिथेच होते.

२०१७ साली संशोधक येरून ब्रेबार्ट यांनी २८३ हेडफोनची मोजमापं तपासली. खर्ज ते तार, कोणता स्वर किती जोरात वाजतो याचा आलेख आणि किंमत यांत त्यांना काही संबंध आढळला नाही. हरमन या ध्वनी-उपकरणांच्या कंपनीत शॉन ऑलिव्ह आणि सहकाऱ्यांनी त्याआधीच अंध चाचण्या, म्हणजे कोणता हेडफोन वाजतोय हे ऐकणाऱ्याला कळू न देता, घेतल्या होत्या. वजनावरून, कानावरच्या गादीवरूनही हेडफोन ओळखू येतो. म्हणून एकाच हेडफोनवर इतर हेडफोनचे आवाज संगणकाच्या मदतीने उभे करून ऐकवले. नाव आणि किंमत दिसेनाशी झाल्यावर बहुतेकांची पसंती एकाच धाटणीच्या समतोल आवाजाकडे झुकली.

किती उंच स्वरापर्यंत वाजतो हे सांगणाऱ्या, खोक्यावरच्या ‘४० किलोहर्ट्झ’चंही तसंच. तरुण कानाची मर्यादा साधारण २० किलोहर्ट्झ, वयानुसार ती खाली येते. एवढ्यावर ऐट मिरवायची तर वटवाघळांनी मिरवावी.

जास्त पैशांत मजबूत बांधणी, मऊ गाद्या, बदलता येणारी वायर मिळू शकते. तुलना करायचीच असेल तर आधी दोन्ही हेडफोन सारख्याच मोठ्या आवाजात लावा. किंचित मोठा वाजणारा हेडफोन उगाचच ‘भारी’ वाटतो.